चिमटाबाई आणि चार्जिंगचा ब्रश

माझ्या सासूबाईंना कुणी काही द्यायला लागलं की त्या आधी देणाऱ्याचे हात बघतात. तोंडाकडे बघतच नाहीत. तोंडाला खोटं बोलायची सवय असते, हातांना नसते, असं त्यांचं म्हणणं. आणि हे त्या उगाच म्हणत नाहीत. उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली. मधल्याच कुठल्यातरी थांब्यावर मागच्या दाराने चढायचं आणि एकेक बाक करत पुढे सरकायचं. फुकट्याला बरोबर चिमटीत पकडतात म्हणून डेपोत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे अर्थात. पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, आणि मला विचाराल तर आवडायचंही.

आमचं लग्न ठरायच्या वेळी माझे वडील त्यांच्या घरी गेले. आपण साधी माणसं आहोत हे दिसावं म्हणून म्हणाले, "आम्ही आपले बसनेच आलो." आई, म्हणजे सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, "त्या रस्त्यावरच्या गाड्या आज सकाळपासून बंद आहेत." वडिलांचा चेहरा असा काही उतरला की विचारू नका. मग आईंनी चहा मात्र फक्कड पाजला, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पकडायचं, पण चारचौघांत जास्त ताणायचं नाही, ही त्यांची पद्धत. पकडायचं मात्र नक्की.

तर अशा बाईला माझ्या नवऱ्याने फसवायला घेतलं. टक्कल पडलेला हा माणूस, हाताखाली माणसं असलेला, त्याला त्या अजून बाळ म्हणतात. आणि बाळाने आईला कशाने फसवावं? तर दात घासायच्या ब्रशने.

आई एकट्या राहतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खिडकीखालीच बसथांबा आहे. तिथे खुर्ची टाकून बसतात आणि कुठली गाडी उशिरा आली, कुठला ड्रायव्हर ब्रेक दाबायला आळस करतो, सगळी खबर ठेवतात. आमच्याकडे या म्हणून आम्ही किती वेळा मागे लागलो असू. "मी इथून हलणार नाही," एवढंच उत्तर. त्यावर पुढे बोलायची सोय नसते.

नवऱ्याचा जीव त्यामुळे कायम टांगणीला. त्याला कारणही आहे. माझे सासरे त्याच घरात गेले. न्हाणीघरात पाय घसरला. आई ड्यूटीवर होत्या, हा नोकरीसाठी परगावी. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून हा रोज सकाळी कामावर निघायच्या आधी आईला फोन करायचा. उठलीस का, चहा झाला का, गुडघा काय म्हणतो. त्यात बोलण्यासारखं काही नसायचं. तरी दोघं बोलायचे, आणि मी डबे भरता भरता ऐकायची.

मग आईंच्या हिरड्या दुखायला लागल्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही दात घासता की भांडी? हिरड्या पार सोलून काढल्यात." मी आईंबरोबर होते. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर मऊ ब्रश घ्या आणि हात हलका ठेवा, नाहीतर चार्जिंगचा घ्या, त्यात जोर जास्त झाला की लाल दिवा लागतो. आईंनी लगेच त्यांच्या हातांकडे बघितलं. "तो विकला की तुम्हाला काय सुटतं?" डॉक्टर बिचारे भले. हसून म्हणाले, "काही नाही हो. मी विकतच नाही. साधासुद्धा चालेल तुम्हाला." आणि एक मऊ ब्रश त्यांनी स्वतःहून हातात ठेवला. तोही आईंनी उजेडात धरून आधी उलटसुलट पाहिला.

हे मी घरी येऊन सांगितलं ती माझी चूक. चार्जिंगचा ब्रश म्हटल्याबरोबर नवऱ्याचे कान टवकारले. आठवड्याच्या आत खोकं घेऊन आला. साधासुधा चार्जिंगचा ब्रश नव्हताच तो. त्याच्या स्टँडचा घरातल्या वायफायशी संबंध होता. आईंनी तिकडे दात घासले की इकडे याच्या फोनवर टिंग वाजणार. टिंग वाजलं म्हणजे आई उठली, चालती-फिरती आहे, सगळं ठीक आहे.

"सरळ सांगून टाक त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलं तर ती हातसुद्धा लावणार नाही."

तेही खरंच होतं. पण माझ्या घशाखाली ते उतरलं नाही. म्हटलं, बाबा रे, तुझी आई आहे, तू जाणे. मी यात नाही. आणि असं म्हणून मी त्याच्याबरोबर ब्रश द्यायला गेलेच.

आईंनी खोक्यातली एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. स्टँड उलटा केला. वायर नाकाजवळ नेऊन हुंगली, देव जाणे कशाला.

"हा दिवा कशाचा?"

"चार्ज झालं की लागतो."

"आणि घरात ते वायफाय कशाला टाकून घेतलंस परवा?"

"तुला मालिका बघता याव्यात म्हणून."

"मी मालिका बघते?"

नवरा म्हणाला, बघायला लागशील. हे म्हणताना त्याचा एक हात खिशात होता आणि आतल्या आत किल्ल्या खुळखुळत होत्या. आईंनी खिशाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खिडकीतून बसथांबा न्याहाळायला लागले, जशी काही मलाच कुठली गाडी पकडायची होती. आईंनी वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली. "ठेव तिथे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्याहारीला बसलो होतो आणि टिंग वाजलं. नवऱ्याचा चेहरा असा खुलला, परीक्षेचा निकाल लागल्यासारखा. तिसऱ्या दिवशीही वाजलं. मग रोजच वाजायला लागलं. तो फोनकडे नजर टाकायचा, पावाला लोणी लावायचा आणि निघायचा. पहिले काही दिवस टिंग वाजल्यावर फोनही केला. मग म्हणाला, "उठलीय ते कळलंच आता. परत विचारायचं काय?" फोन एक दिवसाआड झाला, मग रविवारवर गेला. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. माणूस रात्री नीट झोपायला लागला, तेही मी पाहत होते, म्हणून गप्प बसले.

आई मात्र त्या ब्रशवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होत्या. मी गेले की गाऱ्हाणं ठरलेलं. "मला लाल दिवा दाखवतो तो. मला! मी भरलेल्या गाड्या थांबवल्यात." कधी म्हणायच्या, "घासता घासता आपणच बंद पडतो. माझं अजून झालेलं नसतं, हा कोण ठरवणार झालं म्हणून?" एकदा गेले तर स्टँडवर टॉवेल टाकलेला. विचारलं तर म्हणाल्या, "त्याला डोळा असला तर? न्हाणीघर आहे ते." मला हसू आलं आणि लाजही वाटली. डोळा नव्हता त्याला, पण अगदी खोटं तरी कुठे होतं त्यांचं?

"मग साधाच वापरा ना," मी म्हटलं. "डॉक्टरांनी दिलाय तो."

"तो बरा आहे. घासलं की गुमान पेल्यात उभा राहतो." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "पण बाळाने हौसेने आणलाय. वापरायला हवा. नाही का?"

मी म्हटलं, "हो, हवा." माझे हात मी ओढणीत गुंडाळून घेतले होते.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी टिंग वाजलंच नाही. नवरा अर्धा पाव तोंडात तसाच धरून बसला. लोणी बोटावर ओघळलं. थोडं थांबून त्याने फोन लावला. आईंनी उचलला. आवाज एकदम ठणठणीत.

आता पंचाईत अशी, की दात का घासले नाहीस असं विचारता येत नाही. विचारलं तर बिंग फुटणार. म्हणून हा आडून आडून. "आज काही विसरलीस का गं?" "काय विसरणार?" "नाही, सहज. सकाळचं सगळं आवरलं?" "आवरलं की." मग आईंनी खालच्या बसथांब्यावरच्या भांडणाची अख्खी हकीकत सांगितली. गुडघा बरा आहे म्हणाल्या. शेजारणीच्या जावयाचं सांगितलं. याला कामाला उशीर झाला.

चार दिवस टिंग बरोबर वाजलं, मग पुन्हा चुकलं. मग लागोपाठ चुकलं. दर वेळी हा फोन लावायचा, दर वेळी त्या म्हणायच्या, सगळं आवरलं. यावरून त्याने ठरवून टाकलं, की आईला विसर पडायला लागलाय. दात घासायचंच विसरते, आणि विसरलोय हेही तिच्या लक्षात नाही. कुठून कुठून काय काय वाचून आला. म्हातारी माणसं आधी रोजच्या गोष्टी विसरतात, आज ब्रश, उद्या गॅस. एकदा संशयाचं भूत डोक्यात शिरलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही, आणि हा तर चिमटाबाईंचाच मुलगा.

मी मुद्दाम जाऊन पाहून आले. गॅस बंद. औषधं जागच्या जागी. माझ्या धाकट्या बहिणीच्या नणंदेचं बाळंतपण कधी व्हायचंय तेसुद्धा त्यांच्या लक्षात, माझ्या नव्हतं. न्हाणीघरात गेले तर पेल्यातला साधा ब्रश ओला होता. चार्जिंगचा स्टँडवर कोरडा ठणठणीत. माझ्या मनात पाल चुकचुकली. दात तर घासतात बाई.

नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, "कुठला वापरायचा तेही तिला कळेनासं झालंय. हेच तर लक्षण आहे." आता बोला.

त्याने आमची लहान खोली रिकामी केली. नवी पलंगाची गादी आली. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी ठोकली. आईंचं घर भाड्याने द्यायचं म्हणून एका दलालाशीही बोलून ठेवलं, अजून आईंशी एक शब्द बोलायच्या आधी. मी म्हटलं, "त्या घराबाहेर काढलंस तर त्या आतून संपतील." तो म्हणाला, "आणि नाही काढलं तर?" त्याचे डोळे भरून आले होते. माझा राग अर्धा तिथेच विरला, अर्धा राहिला.

रविवारी तो आईंना घेऊन आला. आई आल्या त्या आधी न्हाणीघरात गेल्या. बाहेर येऊन लहान खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. नव्या गादीकडे बघितलं. बाळाच्या हातांकडे बघितलं.

"ही दांडी कुणासाठी?"

"आई, बस ना आधी."

"बसते. कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. हल्ली तुला विसरायला होतं गं. एकटीने राहणं आता बरं नाही."

"काय विसरले?"

झालं. काय विसरलीस ते सांगायचं तर कसं कळलं तेही सांगावं लागणार. मला त्याची कीव आली. आई खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. रागाचा नव्हे, कामाचा.

"अजून काही दाखवायचं असेल तर दाखव."

नंतर मला त्यांनीच सांगितलं, दंड करायच्या आधी त्या प्रत्येकाला हे एकदा म्हणायच्या. माणसाने आपणहून कबूल व्हावं म्हणून. नवऱ्याने फोन काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, स्टँड, वायफाय, टिंग. मान वर केली नाही.

"माहीत आहे," आई म्हणाल्या.

"माहीत आहे? कधीपासून?"

"आपण गाडीत चढलो ना, की ज्याच्याकडे तिकीट नाही तो धावतबिवत नाही. तो बोलत असतो शेजाऱ्याशी, आणि गप्प होतो. बस, तेवढंच बघायचं. कोण बोलायचा थांबला." त्यांनी पर्सचा बंद उगाच सरळ केला. "तू ब्रश आणलास आणि तुझा फोन थांबला. म्हटलं, याला माझी खबर दुसरीकडून मिळतेय. मग एका सकाळी मी त्याला हात नाही लावला. फोन आला. दुसऱ्या दिवशी लावला, नाही आला. पुन्हा करून बघितलं."

"म्हणजे इतके दिवस तू मुद्दाम—"

"तुझ्याशी बोलावंसं वाटलं, की त्या दिवशी मी साध्या ब्रशने दात घासते."

मी उठून चहाचं आधण ठेवायला गेले आणि पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. शेवटी शेवटी किती दिवस ते टिंग वाजलं नव्हतं ते मला आठवत होतं. त्यालाही आठवत असणार.

"मग तू करायचास ना फोन," तो कसाबसा म्हणाला. "मी उचलला नसता का?"

"उचलला असतास. तेवढा चांगला आहेस." आई थांबल्या. "मला ते नको होतं. तू आपणहून करतोस का ते बघायचं होतं."

तो रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस. म्हणाला, मला भीती वाटते गं, बाबा दिवसभर तिथे पडून होते, कुणाला कळलं नाही, मला रोज सकाळी तेच दिसतं. आई उठल्या आणि त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या टकलावर हात ठेवला.

"मला माहीत नाही होय रे? दार मीच उघडलं होतं."

संध्याकाळी त्या आपल्या घरी गेल्या. बसने. मी सोडायला थांब्यापर्यंत गेले. दलालाला नवऱ्याने त्याच दिवशी नको म्हणून कळवलं. चार्जिंगचा ब्रश पुढच्या आठवड्यात पिशवीत बांधून परत आला आणि आमच्या कपाटात पडला. माझ्या सासूबाईंनी साधा ब्रश निवडला, हात हलका ठेवायला शिकल्या. डॉक्टर म्हणाले, हिरड्या सुधारल्यात. यावरही त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनी आरसा मागून घेतला आणि स्वतः पाहिलं.

नवरा रोज फोन करायला लागला. उठलीस का, चहा झाला का. पहिले काही दिवस त्या मला मधूनच विचारायच्या, "तू आठवण करून देतेस का गं त्याला? खरं सांग." मी म्हणायची, नाही हो. त्या हूं करायच्या. पटलंय असं काही वाटायचं नाही.

मग परवाची गोष्ट. नवऱ्याला रात्री सपाटून ताप भरला. सकाळी गोळी घेऊन मेल्यासारखा झोपला. मी ऑफिसात कळवलं, त्याचा फोन बंद करून ठेवला आणि पेज करायला घेतली. माझा फोन कुठे पडला होता कोण जाणे. आईंना कळवायचं काही माझ्या ध्यानात आलं नाही.

दाराची घंटा वाजली. एकदा वाजून थांबली नाही, वाजतच राहिली. उघडलं तर आई. स्वेटर उलटा घातलेला. केस तसेच, विंचरलेले नाहीत. पायात एक चप्पल काळी, एक तपकिरी. जिना चढून आल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नव्हता. दोन गाड्या बदलून आल्या होत्या त्या.

"कुठे आहे?"

मी आत बोट दाखवलं. त्या मला बाजूला सारून गेल्या. तो पाठमोरा झोपला होता. त्यांनी त्याच्या पाठीवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला, श्वास वरखाली होतोय की नाही ते बघत. बराच वेळ. त्याने झोपेतच विचारलं, कोण आहे. त्या पलंगाच्या काठावर हळूच बसल्या.

"ताप आहे नुसता," मी म्हटलं. "मीच कळवायला हवं होतं. तुम्ही घाबरलात ना?"

"मी कशाला घाबरू?"

हात अजून त्याच्या पाठीवर होता, आणि थरथरत होता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तो झाकला. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, बारीक आवाजात म्हणाल्या,

"अगं, घरात एखादा नवा ब्रश असेल का? दात घासायचे राहिलेत माझे."